जुन्या घराची मांडणी शब्दांत कशी उतरवावी? (माजघर आणि इतर खोल्या)

चिरेबंदी (प्रश्न)

नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमचे कौलारू घर येत्या उन्हाळ्यात उतरवायचे ठरले आहे. माळ्याच्या तुळयांना वाळवी लागली आहे, मागील भिंतीला फुगवटा आला आहे, आणि सर्व चुलत घरांच्या संमतीने त्याच जोत्यावर स्लॅबचे घर उभे राहील. निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. मला या घराचे असे वर्णन लिहून ठेवायचे आहे की, जे मूल नव्या घरात जन्मेल त्याला ते वाचून जुन्या घरात फिरता यावे. छायाचित्रे पुष्कळ आहेत. पण उन्हातून आत आल्यावर माजघराच्या उंबऱ्याशी क्षणभर काहीच दिसेनासे होते आणि मग एकेक वस्तू उमटू लागते, ते छायाचित्रात येत नाही.

आतापर्यंत जे लिहिले आहे ते थोडक्यात असे. घर पूर्वाभिमुख आहे. पुढे सारवलेले खळे आणि तुळशीवृंदावन. तेथून तीन पायऱ्या चढल्यावर पडवी, जिला पावसाळ्यात माडाच्या झावळ्यांच्या झडी बांधतात. पडवीहून हातभर उंच ओटी, तिच्यावर झोपाळा आणि भिंतीतले फडताळ. ओटीच्या मधल्या दाराने माजघरात जाता येते. माजघराच्या दक्षिणेस देवघर, उत्तरेस बाळंतिणीची खोली, पश्चिमेस स्वयंपाकघर आणि त्याच्यामागे मागील पडवी, न्हाणीघर व विहीर. माळ्यावर जाणारी शिडीही माजघरातच आहे, त्यामुळे भात, सुपारी, नारळ, सगळे याच खोलीतून वर चढते आणि याच खोलीतून खाली येते.

माझी आवडती खोली माजघर. चारही बाजूंना खोल्या असल्यामुळे त्याला एकही खिडकी नाही. उजेड येतो तो ओटीच्या आणि स्वयंपाकघराच्या दारांतून. उन्हाची झळ बाहेरच्या खोल्या झेलतात, कौलांची उष्णता माळा अडवतो, म्हणून वैशाखातही तेथली जमीन पायांना गार लागते. मध्ये फणसाच्या लाकडाचा खांब आहे आणि जमिनीपासून दोन-अडीच फुटांच्या पट्ट्यात तो गुळगुळीत, जवळजवळ काळा झाला आहे, कारण घरातले प्रत्येक मूल त्याला धरून उभे राहायला शिकले. दुपारी तेथे तांदूळ निवडले जात, कडव्या वालांची बिरडी सोलली जात, आणि फणस फोडायचा असला की तेलाची वाटी त्या खांबाशीच ठेवलेली असे.

माझे प्रश्न असे: वर्णनाची सुरुवात कोठून करावी? मापे हातांत द्यावीत की फुटांत? आणि आपण आपापल्या घराची मांडणी व आवडती खोली कशी सांगाल? वेगवेगळ्या भागांतील घरांची वर्णने वाचल्यावर माझ्या वर्णनातून काय निसटले आहे ते मला अधिक नेमके कळेल.

---

खणाचे घर

आमचे घर धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा भागातले, माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे. आमच्याकडे घराचे माप खणांत सांगतात; दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि पाच खणांचे घर म्हटले की ऐकणाऱ्याला त्याचा आकार समजतो. त्यामुळे मापे हातांत की फुटांत, यावर माझे मत असे की, घर बांधणाऱ्याने ज्या मापात विचार केला ते आधी द्यावे आणि फूट नंतर.

रस्त्यावरून दरवाजा ओलांडला की ढेळज लागते, दोन्ही बाजूंना कमरेइतके उंच ओटे असलेली. तेथून अंगण, अंगणाच्या डाव्या हाताला गोठा, समोर सोपा, म्हणजे ओसरी, आणि सोप्यामागे माजघर. आपल्या माजघरासारखेच हेही अंधारे. फक्त उजेडासाठी माळवदाला सवणे, म्हणजे झरोका, ठेवलेले असे, आणि पाऊस आला की कोणीतरी वर धावत जाऊन ते झाकत असे. भिंतीच्या पोटात धान्याचे बळद होते. माळवद म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर आडव्या फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. कमी पावसाच्या मुलखाला हे छप्पर योग्य असते. उन्हाळ्यात घर थंड राहते, रात्री वर झोपता येते, धान्य आणि पापड वाळवता येतात.

परंतु आमच्या भागात घराचे वर्णन ३० सप्टेंबर १९९३ या तारखेशिवाय पुरे होत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दोन-अडीच फूट रुंदीच्या, दगड आणि मातीने रचलेल्या भिंती कोसळल्या, वरची माती झोपलेल्या माणसांवर आली आणि हजारो माणसे गेली. आमच्या घराचा सोपा वाचला, कारण तेथे माळवदाचा भार सागवानी खांबांवर होता. भिंत बाहेरच्या बाजूला पडली आणि खण उभे राहिले. माजघराचा भार भिंतींवर होता. ते पडले. त्या रात्री आजी नेहमीप्रमाणे सोप्यात झोपली होती, म्हणून ती वाचली.

त्यानंतर आमच्या गावातील कितीतरी कुटुंबे चांगली घरे असूनही वर्षानुवर्षे पत्र्याच्या शेडमध्ये झोपत राहिली. आमच्या घरात आजही रात्री कोणी आतल्या खोलीत झोपत नाही. माझी आवडती जागा सोपा आहे, आणि ती का आवडती आहे हे मी कधीच केवळ उजेड-वाऱ्याच्या भाषेत सांगू शकलेलो नाही. आपण लिहिताना कोणती भिंत भार घेते आणि कोणता खांब, हे अवश्य लिहा. फणसाचा तो खांब माळा पेलतो की केवळ मध्ये उभा आहे, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

---

डिलाईल रोड

मी मुंबईत बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीत वाढलो. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे या चाळी बांधल्या. एकूण २०७ इमारती, आणि प्रत्येक खोली साधारण १६० चौरस फुटांची. आता आमच्याकडे पुनर्विकासात पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर मिळते. तेव्हा ज्या घराचे वर्णन करायचे त्यात खोलीच एक असेल, तर मांडणी कशी सांगायची, हा प्रश्न माझ्यापुढे बरेच दिवस आहे.

मी ती घड्याळावर सांगतो. पहाटे पाणी येई तेव्हा ती खोली म्हणजे मोरी आणि पिंपे; मधल्या वाटेत हंडे-कळश्या रांगेने उभ्या असत आणि झोपलेल्यांना पाय आखडून घ्यावे लागत. सातपासून ती स्वयंपाकघर होई. वडील रात्रपाळीहून आले की पलंगाच्या बाजूचा पडदा ओढला जाई आणि अर्धी खोली शयनगृह बने; त्या वेळी आम्ही कुजबुजत बोलत असू. दुपारी आई आणि शेजारच्या दोघी तेथे शिवणकाम करीत. संध्याकाळी दिवा लागला की पलंगाखालची पेटी बाहेर येई, तिच्यावर पाट ठेवला की अभ्यासाचे टेबल तयार. रात्री पलंगावर दोघे, पलंगाखाली एक, मोरीच्या कट्ट्यापर्यंत बाकीचे, आणि मोठे भाऊ व्हरांड्यात. त्या एका खोलीत आमचे अख्खे घर होते आणि प्रत्येक गोष्टीला तिची वेळ ठरलेली होती.

आवडती जागा विचाराल तर खिडकीखालची दीड फूट रुंद फळी. तिच्यावर बसण्याचा हक्क परीक्षा असलेल्याला मिळे. मी दहावीच्या वर्षी तेथे बसलो आणि त्या वर्षी घरातल्या कोणीही ती फळी माझ्याकडून मागितली नाही.

आपल्या माजघरातही दिवसाचे असे पदर असतील. दुपारचे निवडणे-सोलणे आपण लिहिले आहे. पहाट आणि रात्र अजून लिहिलेली नाही.

---

आराखडा

मी बांधकाम खात्यात आरेखक होतो, म्हणून कामापुरते सांगतो. शब्दांआधी कागदावर प्लॅन काढा, उत्तर दिशा दाखवा आणि खोल्यांना क्रमांक द्या. जुन्या घरांचे कोपरे काटकोनात नसतात, त्यामुळे प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी घेऊन थांबू नका. दोन्ही कर्ण मोजा, नाहीतर कागदावर भिंती जुळत नाहीत. भिंतीची जाडी दारात उभे राहून मोजा. जोत्याची, उंबऱ्यांची आणि दारांच्या चौकटींची उंची वेगळी नोंदवा, कारण वाकून आत जाणे हा त्या घराचा मोठा भाग आहे.

कोकणातल्या घरासाठी नुसता प्लॅन पुरत नाही, उभा छेद, म्हणजे घर उभे कापल्यावर दिसेल तसे चित्र, लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि घराचा सगळा आकार त्यावर ठरलेला असतो. आढे (छपराचा माथा) उंच आणि पाखे (छपराच्या उतरत्या बाजू) बाहेर खाली उतरलेले ठेवतात ते पाऊस जांभ्याच्या भिंतीवर येऊ नये म्हणून, कारण हा दगड ओल धरतो. आढ्याची उंची, पाखाच्या टोकाची उंची आणि त्यांतील आडवे अंतर, ही तीन मापे घेतली की उतार निघतो. कौले कोणती आहेत तेही लिहा. १८६५ साली बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी, खाचेची कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधी कुंभाराने घडवलेली नळीची कौले असत आणि दर वर्षी पावसाआधी घर शाकारावे लागे. आपल्या घराच्या एखाद्या पाखावर, विशेषतः गोठ्यावर किंवा न्हाणीघरावर, नळीची कौले उरली असतील तर घराचा तो भाग बहुधा जुना आहे, किंवा जुनी कौले तेथे पुन्हा वापरली आहेत. कौलांच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. उतरवताना तो पाहून घ्या.

---

मागील दार

मी सावंतवाडीकडची. आपले वर्णन मनापासून आवडले, पण त्यातली वाट पाहुण्याची आहे: खळे, पडवी, ओटी, मग आत. आपल्या आजीने किंवा आईने हे घर असे पाहिलेले नाही. तिचा दिवस विहिरीवर सुरू झाला, मग न्हाणीघराची चूल, मागील पडवी, स्वयंपाकघर, आणि माजघर हे तिच्यासाठी पुढच्या बाजूचे शेवटचे ठिकाण होते. ओटीवर पुरुष मंडळी बसलेली असली की ती माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकत असे. आमच्या घरी त्या दाराच्या चौकटीला आतल्या बाजूने, खांद्याच्या उंचीवर, तेलकट डाग आहे. पिढ्यान्पिढ्या बायका तेथे टेकून उभ्या राहिल्या, म्हणून तो पडला. आपल्या चौकटीलाही असेल, पाहा.

घराचे खरे वर्णन करायचे तर कोणाला कोठपर्यंत जाता येत असे, हेही लिहायला हवे. मासिक पाळीत बाई मागील पडवीत बसे आणि तिचे पान तेथेच येई. बाळंतिणीची खोली आपण एका शब्दात ओलांडली आहे. ती बहुतेक घरांत सर्वांत काळोखी आणि सर्वांत कोंदट असते, शेगडीचा धूर आत कोंडतो, आणि घरातली सगळी माणसे तेथे जन्मलेली असतात. शेतावर राबणाऱ्या कित्येकांना खळ्याच्या पुढे पायरी चढू दिली जात नसे. त्यांच्या लेखी आपले घर म्हणजे खळे आणि तेथून दिसणारी ओटी. हे लिहिल्याने घराची माया कमी होत नाही. पण नव्या घरात जन्मणाऱ्या मुलाला भिंती कशासाठी होत्या हे मात्र समजेल.

माझी आवडती जागा आमच्या मागील पडवीतील जात्याशेजारची. तेथून विहीर, पोफळी आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई दिसते, आणि पुढच्या दाराला कोण आले आहे याच्याशी काही देणेघेणे राहत नाही.

---

चिरेबंदी

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

‘खणाचे घर’ यांच्या प्रश्नाचे उत्तर काल गावी फोन करून मिळवले. फणसाचा खांब माळ्याची मधली तुळई पेलतो; चुलत्यांच्या सांगण्याप्रमाणे तो मूळचा नाही, माळ्यावर भात जास्त साठू लागल्यावर तुळई वाकली म्हणून मागाहून दिलेला आहे. म्हणजे माजघराच्या मधोमध खांब येण्यापूर्वी ती खोली मोकळी होती, आणि तशी ती पाहिलेले आता कोणीही हयात नाही. आपण विचारले नसते तर ही गोष्ट नोंदीत आली नसती.

‘डिलाईल रोड’ यांनी सुचवल्याप्रमाणे माजघराची पहाट आणि रात्र मी लिहायला घेतली आहे. रात्री तेथे फक्त बायका आणि मुले झोपत, पुरुष ओटीवर. दोन्ही दारे आतून लावली जात आणि कंदिलाची वात बारीक करून तो कोनाड्यात ठेवला जाई. कोनाड्याच्या वरची भिंत त्याच्या काजळीने काळी आहे.

‘मागील दार’ यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. वर्णन आता विहिरीपासून सुरू होईल. त्यासाठी माझ्या ज्येष्ठ काकूंना प्रत्येक खोलीत बसवून, त्या कोठे बसत, कोठे बसू शकत नसत, आणि बाळंतपणाच्या दिवसांत त्या खोलीतून काय ऐकू येई, हे विचारून घेणार आहे. कोणाला खळ्यातच थांबावे लागे तेही त्या सांगू शकतील. आणि ज्यांना तसे थांबावे लागे त्यांच्या घरांतील वडीलधारी माणसे आजही गावात आहेत, त्यांनाही भेटेन.

मापांचे काम फाल्गुनात करू, म्हणजे कौले उतरवण्यापूर्वी उभा छेदही घेता येईल. ‘आराखडा’ यांना एक विचारायचे आहे: माळा बसवल्यानंतर आढ्याची उंची जमिनीपासून थेट मोजता येत नाही, तर माळ्याच्या फळ्यांची जाडी धरून दोन टप्प्यांत मोजलेले चालेल का, की बाहेरून ओळंबा सोडून मोजावे?