शब्दचर्चा : ‘मजॉरिटी’ म्हणजे बहुमत की मताधिक्य?

प्रश्न

दादाभाई नौरोजी १८९२ साली लंडनमधील सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले, त्याविषयीच्या एका इंग्रजी मजकुराचे भाषांतर करताना ‘ते ५ च्या बहुमताने सभासद झाले’ असे वाक्य माझ्याकडून लिहिले गेले. कोशाप्रमाणे शब्द बरोबर आहे, तरीही वाक्य खटकते. येथे कोणता शब्द योजावा?

प्रतिसाद १

खटकते ते योग्यच आहे. इंग्रजीत ‘मजॉरिटी’ हा एकच शब्द दोन कामे करतो. मराठीने ती दोन शब्दांत वाटून दिली आहेत. निम्म्याहून अधिक मते किंवा जागा एका बाजूला असणे म्हणजे बहुमत, आणि विजयी उमेदवाराला प्रतिस्पर्ध्यापेक्षा जितकी मते जास्त पडली तो फरक म्हणजे मताधिक्य. दादाभाईंचे होते ते मताधिक्य. हा आकडा कुठे ३ तर कुठे ५ असा छापलेला आढळतो, पण तो इतका किरकोळ होता की त्यांच्या आडनावाशी जुळवून ‘नॅरो मजॉरिटी’ असे टोपणनाव त्यांना चिकटले. ही कोटी मराठीत आणणे जवळजवळ अशक्य आहे, आणि भाषांतरकाराने त्या फंदात पडू नये असे माझे मत आहे.

दोन्ही शब्दांतील भेद त्याच निवडणुकीत लख्ख दिसतो. हाउस ऑफ कॉमन्समध्ये तेव्हा ६७० जागा होत्या, म्हणजे बहुमतासाठी ३३६ सभासद हवेत. ग्लॅडस्टन यांच्या लिबरल पक्षाला तेवढे सभासद स्वबळावर मिळाले नाहीत. आयर्लंडच्या राष्ट्रवादी सभासदांचा पाठिंबा धरूनच त्यांचे बहुमत झाले. ऑगस्टमध्ये तेव्हाचे पंतप्रधान सॉल्सबरी यांच्या सरकारवरील अविश्वास ३५० विरुद्ध ३१० मतांनी संमत झाला, तेव्हा ‘ठराव बहुमताने संमत झाला’ हेही बरोबर आणि ‘४० च्या मताधिक्याने संमत झाला’ हेही बरोबर. मात्र ‘४० च्या बहुमताने’ म्हटले की दोन्ही अर्थांची खिचडी होते.

प्रतिसाद २

वरील विवेचन मान्य असूनही एक पुरवणी जोडतो. संस्कृतात ‘बहुमत’ या शब्दाचा मतमोजणीशी संबंध नव्हता. त्याचा अर्थ ‘ज्याला फार मानले जाते असा’. सासरी निघालेल्या शकुंतलेला कण्व ‘भर्तुर्बहुमता भव’ असा आशीर्वाद देतात, तो पतीच्या मनात तिला मान असावा म्हणून. आपला ‘बहुमान’ त्याच घरातला. संख्येचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. ‘मताधिक्य’ मात्र मत आणि आधिक्य यांचा सरळ जोड असल्यामुळे तेथे गफलतीला वाव नाही.

बहुमताला निवडणूक लागतेच असेही नाही. आयर्लंडच्या स्वराज्याचे विधेयक १८९३ मध्ये कॉमन्सने ३०१ विरुद्ध २६७ मतांनी संमत केले आणि लॉर्ड्सच्या सभागृहाने, जेथे बहुतेकांचे आसन वंशपरंपरेने आलेले होते, ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. जनतेने न निवडलेल्या या सभेचा निर्णयसुद्धा मराठीत ‘प्रचंड बहुमताने’ झाला असेच म्हणावे लागते.

प्रतिसाद ३

मला तर दोन्ही शब्द टाळून ‘अवघ्या ५ मतांनी निवडून आले’ हेच वाक्य सर्वांत मराठी वाटते. पराभवालाही हीच घडण चालते : १८८६ मध्ये होबर्नमधून दादाभाई १,७०१ मतांनी पडले होते. ‘मताधिक्य’ लिहायचेच असेल तर त्यामागे ‘निसटते’ लावावे. ‘काठावरचे’ हे विशेषण मात्र सरकारच्या बहुमतासाठी राखून ठेवावे.

प्रश्नकर्ता

आभार. वाक्य ‘अवघ्या ५ मतांनी’ असे बदलले आहे, आणि ३ चा उल्लेख तळटीपेत देत आहे.