तिसऱ्या राउंडला गार्ड खाली येतो. सप्लिमेंट नेमकं कोणतं घ्यावं?

डावखुरा७०

नमस्कार मंडळी. आधी किकबॉक्सिंग करायचो, आता एमएमएकडे (मिश्र मार्शल आर्ट्स) वळलोय. सरावातलं वजन ७३ किलो, उतरायचं आहे ७० च्या गटात. सराव रोज संध्याकाळी, त्यात आठवड्यातून दोनदा कडक स्पॅरिंग, म्हणजे सरावाच्या लढती. पहिले दोन राउंड पाय मस्त चालतात. तिसऱ्यात खांदे असे भरून येतात की गार्ड, म्हणजे तोंडापुढे धरलेले हात, हनुवटीच्या खाली जातो आणि समोरच्याचा साधा जॅबही थेट नाकावर बसतो. प्रशिक्षक म्हणतात दमसास वाढव. ते चालूच आहे.

जिममध्ये ज्याचं त्याचं वेगळंच. एक म्हणतो बीसीएए (अमिनो आम्लांची पावडर) घे, दुसरा म्हणतो टेस्टोस्टेरॉन बूस्टर. परवा स्पॅरिंगच्या आधी पार्टनरने त्याच्या प्री-वर्कआउट पावडरचा एक स्कूप दिला. दोन राउंड नुसता उडत होतो, तिसऱ्यात पुन्हा तेच, आणि वर रात्री दोनपर्यंत डोळा लागला नाही. डब्यावर ‘एनर्जी मॅट्रिक्स ६.५ ग्रॅम’ एवढंच छापलंय. आत काय आणि किती, काही पत्ता नाही.

सगळं विकत घेणं झेपणार नाही, फार तर दोन-तीन गोष्टी. स्पर्धेत डोप टेस्ट होऊ शकते. जाणकारांनी सांगा, काय घेऊ?

लोखंडप्रेमी

क्रिएटिन आणि व्हे प्रोटीन. बाकी सगळं सोड. आणि झोप काढ रे बाबा, संध्याकाळी प्री-वर्कआउट कोण घेतं?

कॉर्नरमन

मित्रा, मी बरीच वर्षं दोरीच्या बाहेर बादली-टॉवेल घेऊन उभा असतो. दोन राउंडांच्या मधल्या मिनिटात पोरांचे चेहरे आणि श्वास बघणं हेच माझं काम. त्यामुळे तुझा प्रश्न मनाला लागला. जरा सविस्तर लिहितो.

काय घेऊ हे नंतर. आधी हे सांग, स्पॅरिंगच्या दिवशी दुपारनंतर पोटात काय जातं? ७३ वरून ७० वर यायचं म्हणून तू कर्बोदकं कापली असशील, असा माझा अंदाज आहे. वजनी गटातल्या खेळाडूंमध्ये ‘तिसऱ्या राउंडला हात जड’ याचं हे फार नेहमीचं कारण. स्नायूतलं ग्लायकोजन, म्हणजे कर्बोदकांचा साठा, अर्धवट भरलेलं असेल तर पहिले दोन राउंड निघून जातात आणि मग टाकी संपते. रोज तासभर चांगला घाम काढणाऱ्याला दिवसाला किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं लागतात. वजन उतरवताना हा आकडा खाली येणारच, पण कपात करायची ती हलक्या दिवशी. स्पॅरिंगच्या दिवशी नाही. सरावाच्या दोन-तीन तास आधी किलोमागे १ ते २ ग्रॅम, म्हणजे तुझ्या बाबतीत ७० ते १४० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ दे. दोन आठवडे एवढंच करून बघ. त्याने गार्ड वर राहिला तर पावडरीचे पैसे वाचले.

तरीही खांदे भरत असतील तर पुढचं वाच.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ साली तज्ज्ञांचं एक निवेदन काढलं. थेट कामगिरी सुधारण्याचा भक्कम पुरावा असलेली सप्लिमेंट्स त्यात मोजून पाच निघाली: कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलानिन आणि सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा. दुकानातल्या शेकडो डब्यांमधून पाच! तुझ्या यादीतलं बीसीएए त्यात नाही, बूस्टरही नाही.

क्रिएटिन तुझ्या खेळाला चपखल बसतं. टेकडाउनसाठी, म्हणजे समोरच्याला खाली पाडायला झेपावणं, चार-पाच ठोशांची सर, क्लिंचमधला (एकमेकांना धरून लढतानाचा) झटका, ही सगळी काही सेकंदांची स्फोटक कामं फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे स्नायूतल्या झटपट इंधनावर चालतात, आणि क्रिएटिनने तोच साठा वाढतो. साधं मोनोहायड्रेट घे, रोज ३ ते ५ ग्रॅम, कधीही घेतलंस तरी चालेल. महागड्या नावांचे जे प्रकार मिळतात ते याच्यापेक्षा सरस ठरलेले नाहीत. पण तुझ्यासाठी एक मेख आहे. क्रिएटिन स्नायूत पाणी धरतं. आठवडाभर दिवसाला २० ग्रॅमचं लोडिंग केलंस तर काटा एक-दीड किलोने सहज वर जाईल. ७० च्या गटासाठी तीन किलो उतरवायचे असताना हे ओझं ऐनवेळी नको. म्हणून लोडिंग करू नकोस. रोज ३ ग्रॅमने तीन-चार आठवड्यांत स्नायू भरतात. ते स्पर्धा लांब असतानाच उरकून घे, नवीन वजन किती बसतंय ते बघ, आणि मग ७० जमतंय का ते ठरव. बंद केल्यावर साठा मूळपदावर यायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा आदल्या आठवड्यात थांबवून काही साधत नाही.

तू जे वर्णन केलंस ना, खांदे भरून येणं, जळजळ, त्याच्याशी थेट संबंध बीटा-अ‍ॅलानिनचा. त्याने स्नायूत कार्नोसिन वाढतं आणि जोरकस कामात जी आम्लता तयार होते ती कार्नोसिन थोडी शोषून घेतं. एक ते चार मिनिटं सलग जोर लावायच्या कामात त्याचा फायदा दिसतो. दिवसाला ४ ते ६ ग्रॅम, किमान चार आठवडे. एकदम घेतलंस तर अर्ध्या तासात चेहरा, कान, हातांचे पंजे यांवर मुंग्या येतील. त्यातून अपाय होत नाही, पण पोरं घाबरतात. चार भागांत वाटून जेवणाबरोबर घे, मुंग्या कमी होतात. परवाच्या त्या स्कूपनंतर कातडी चुरचुरली होती का? तसं असेल तर त्यात बहुधा हेच होतं. एका स्कूपचा मात्र काही उपयोग नाही, हे साठत जाऊन काम करतं. आणि फरक पडतो तोही थोडाच. दमलेला माणूस ताजा होईल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

कॅफिन चालतं, यात वाद नाही. किलोमागे ३ मिलिग्रॅम, तासभर आधी, म्हणजे तुला सव्वादोनशेच्या आसपास. पण शरीरातलं निम्मं कॅफिन जायलाच साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेल्या २२० पैकी अकराला ११० अंगात असतं, तेवढ्यावर तू डोळे मिटून पडणार. संध्याकाळच्या सरावाला रोज कॅफिन म्हणजे रोज रात्रीची झोप मोडणं, आणि झोपेतच तर शरीर सावरतं. स्पर्धेच्या दिवसासाठी राखून ठेव, त्याआधी एखाद्या सकाळच्या स्पॅरिंगला तपासून बघ.

सोड्याला मी सगळ्यात जपून हात लावतो. किलोमागे ०.२ ते ०.३ ग्रॅम, म्हणजे तुला १५ ते २२ ग्रॅम. मूठभर सोडाच झाला तो. स्पर्धेआधी एक ते अडीच तास घ्यायचा. रक्तातली आम्लता सावरायला मदत होते हे खरं, पण पोट फुगणं, मळमळ, जुलाब यांनी कित्येकांचा दिवस हातचा जातो. थोडं खाऊन, भरपूर पाण्याबरोबर, भागाभागाने घेतला तर सुसह्य होतो. सरावात अनेकदा पचवून बघितल्याशिवाय स्पर्धेच्या दिवशी नाव काढायचं नाही. नायट्रेट, म्हणजे बीटरूटच्या रसाचा अर्क, याचा मुख्य फायदा दमसासाच्या कामात; तुझ्या पहिल्या तीनात मी तो धरणार नाही.

व्हेकडे मी अन्न म्हणूनच बघतो. तुला दिवसाला किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ११५ ते १६०. वजन उतरवताना वरच्या टोकाकडे रहा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातील. जेवणातून एवढं भागत असेल तर डबा घेऊच नकोस. बीसीएए म्हणजे नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी तीन. पुरेशी प्रथिनं खाणाऱ्याच्या पोटात ती आधीच जातात.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. ज्या डब्यावर प्रत्येक घटकाचं प्रमाण वेगवेगळं छापलेलं नाही, तो डबा माझ्या खेळाडूच्या बॅगेत नको. ‘मॅट्रिक्स’, ‘ब्लेंड’, ‘कॉम्प्लेक्स’ या नावांखाली एकच आकडा असतो, आणि त्यात कॅफिन शंभर आहे की चारशे, हे तुला कळायला मार्ग नाही. जर्मनीतल्या कोलोनच्या डोपिंग तपासणाऱ्या प्रयोगशाळेने २०००-२००१ मध्ये १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट्स तपासली. त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेले स्टेरॉइडचे अंश सापडले. हॉर्मोनशिवायची म्हणून विकली जाणारी सप्लिमेंट्स होती ती. डोपिंगच्या नियमात ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. नमुन्यात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. म्हणून बूस्टर आणि फॅट बर्नर यांच्या वाटेलाच जाऊ नकोस. बाकी काही घ्यायचं तर इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट या तपासणी योजनांपैकी एकीचा शिक्का असलेलं घे, आणि डब्यावरचा बॅच नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाकून जुळवून बघ. शिक्क्याने धोका शून्य होत नाही, कमी होतो. पावती आणि रिकामा डबा फेकू नकोस. पार्टनरच्या डब्यातला स्कूप पुन्हा घेऊ नकोस, मग तो कितीही जिवाभावाचा असो.

ज्युदोका_ताई

कॉर्नरमन दादांनी छान लिहिलंय. एक भर घालते, विशेषतः वाचणाऱ्या मुलींसाठी. आमच्या क्लबात एक मुलगी सतत दमायची, रँडोरीत, म्हणजे ज्युदोतल्या सरावाच्या झुंजीत, दुसऱ्याच झटापटीला धाप लागायची. घरच्यांनी तीन प्रकारच्या पावडरी आणून दिल्या. शेवटी रक्त तपासलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला. पाळी, त्यात वजन उतरवण्यासाठी कमी खाणं, लोह कमी व्हायला एवढं पुरतं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, हळूहळू गाडी रुळावर आली.

पण तपासणीशिवाय लोह घेऊ नका. जास्तीचं लोह बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही. गोळी चहा-कॉफीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही, क जीवनसत्त्वाबरोबर चांगली शोषली जाते. ड जीवनसत्त्वाचंही तसंच, आपण सगळे छताखाली सराव करणारे. एकदा तपासून घ्या, कमी निघालं तरच घ्या.

डावखुरा७०

दादा, ताई, मनापासून आभार. दुपारी एकनंतर मी खरंच काही खात नव्हतो, आणि हो, त्या स्कूपनंतर कान चुरचुरत होते.

आणखी एक. वजन स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी आहे. जिममधला एक सीनियर म्हणतो शेवटचे दोन किलो पाणी काढून उतरव, लघवीच्या गोळ्या देतो, आणि वजन झाल्यावर सलाइन लावून घे. हे करतात का सगळे?

कॉर्नरमन

नाही. अजिबात नाही. त्या गोळ्या हातातही घेऊ नकोस.

लघवीच्या गोळ्या, फ्युरोसेमाइड वगैरे, वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) प्रतिबंधित यादीत आहेत, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. शिरेतून सलाइन १२ तासांत १०० मिलिलिटरच्या वर घेणंही प्रतिबंधित आहे, रुग्णालयातले उपचार किंवा रीतसर परवानगी सोडून. आणि नियम बाजूला ठेव. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेतले तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना गेले, तिघं सव्वा महिन्याच्या आत. हवा न खेळू देणारे सूट, तापवलेली खोली, पाणी बंद, आणि त्यातच व्यायाम. सुरुवातीला संशय क्रिएटिनवर गेला होता; कारण निघालं शरीराचं पाणी आटणं आणि शरीर अतोनात तापणं. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत हे सूट आणि सॉना बंद झाले, वजनाची वेळ लढतीच्या जवळ आणली गेली. त्या सीनियरला हे नक्की सांग.

तुझ्याकडे वेळ आहे. आठवड्याला अर्धा किलो या गतीने तीन किलोपैकी बहुतेक वजन आधीच उतरव. शेवटच्या दोन-तीन दिवसांत तंतुमय पदार्थ आणि मीठ कमी केलंस तर काटा थोडा आणखी खाली येईल. तेवढ्याने ७० होत नसेल तर वरच्या गटात उतर.

वजन झाल्यावर पाणी भरून काढायला सगळ्यात कामाचं सप्लिमेंट म्हणजे साधं ओआरएस. ही गोष्ट कोणी जाहिरातीत सांगत नाही. नुसतं पाणी प्यायलास तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. सोडियम असेल तर टिकतं. जेवढं वजन घामाने गेलं त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव पुढच्या काही तासांत, घोट घोट. किलोभर गेलं असेल तर दीड लिटरपर्यंत. सोबत पचायला हलकी कर्बोदकं, आणि पोटाला सवय नसलेलं त्या दिवशी काहीही नाही.

एक मात्र आयोजकांना आत्ताच विचार: वजन एकदाच होणार की प्रत्येक दिवशी? पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट पहिल्या दिवशी ५० किलोत बसल्या, तीन लढती जिंकल्या, आणि दुसऱ्या सकाळी काटा १०० ग्रॅम पुढे गेला म्हणून अपात्र ठरल्या. रोज वजन असेल तर वरचं दीडपटीचं गणित तुला लागू नाही, आणि ७० चा विचार मग मुळातूनच करावा लागेल. उत्तर आलं की इथे लिही. तोवर स्पॅरिंगच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास नीट खा, आणि दोन आठवड्यांनी तिसऱ्या राउंडचं काय झालं ते सांग.