सराईतांकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र: धाक की नुसता कागद?

नाक्यावरचा
सण किंवा निवडणूक जवळ आली की ठरलेली बातमी येते: अमुक इतक्या सराईतांवर प्रतिबंधक कारवाई. त्यातल्या बऱ्याचशा चॅप्टर केसेस, म्हणजे नीट वागण्याची लेखी हमी (बंधपत्र) घेण्याच्या कारवाया असतात. पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ११० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १२९. चोरी, घरफोडी, खंडणी हाच ज्याचा धंदा, त्याला कार्यकारी दंडाधिकारी नोटीस काढतो: तुझ्याकडून जास्तीत जास्त तीन वर्षांचं बंधपत्र का घेऊ नये, कारण दाखव.

ही कारवाई वाढायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. हप्ता मागणारा जामिनावर सुटतो, साक्षीदार फितूर होतात, खटला वर्षानुवर्षं रेंगाळतो. तोवर त्याला वेसण कोण घालणार? सही कर, जामीनदार आण, नीट वाग, एवढंच तर सांगायचंय. तडीपारी आणि एमपीडीएपुढे (खटल्याविना स्थानबद्ध करणारा कायदा) हे काहीच नाही.

काळाकोट
जामीनदार मिळाला नाही तर काय होतं तेही लिहा की. कलम १४१ खाली तुरुंग. १२९ च्या प्रकरणात तो सक्तमजुरीचाही असू शकतो, आणि तोही एकही नवा गुन्हा सिद्ध न होता! मुदत वर्षापेक्षा जास्त असेल तर प्रकरण सत्र न्यायाधीशांकडे जातं, एवढाच काय तो दिलासा.

आता पुरावा. कलम १३५ नुसार माणूस सराईत आहे हे त्याच्या लौकिकावरूनही सिद्ध करता येतं. म्हणजे चार लोक काय म्हणतात त्यावर. आणि ऐकून कोण घेतं? मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयांत कार्यकारी दंडाधिकारी म्हणून सहायक पोलीस आयुक्तच. निरीक्षकाने प्रस्ताव पाठवायचा, त्याच्याच साहेबांनी निवाडा करायचा. एरवी तुम्ही याला न्याय म्हटलं असतं का?

निवृत्त_फौजदार
वकीलसाहेब, नुसत्या लौकिकावर प्रस्ताव पाठवून बघा, उलट टपाली परत येतो. दाखल गुन्ह्यांची यादी लागते, ताज्या हालचाली दाखवाव्या लागतात. शिवाय ही कलमं घटनेला धरून आहेत हे मधु लिमये यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७० सालीच सांगितलंय.

काळाकोट
तो मुख्यतः कलम १०७ चा, म्हणजे शांतता राखण्याच्या बंधपत्राचा वाद होता. ११० बद्दल वाचायचं तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा गोपालनाचारी निकाल वाचा. न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावलंय की कुणाला समाजाला घातक ठरवायचं तर विश्वासार्ह पुरावा भरपूर हवा.

पालावरचा
लौकिकाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी पारधी समाजातला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमच्या आज्या-पणज्यांना जन्मतःच चोर ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, पण १९५९ ला मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आलाच. आजही कुठे घरफोडी झाली की गाडी आधी पालावर येते. आमच्यातल्या कुणाला चॅप्टर लागला तर जामीनदार कुठून आणणार? सातबारा नाही, पगाराची स्लिप नाही. ज्या भाईसाठी हे कलम आहे तो दहा मिनिटांत दोन जामीनदार उभे करतो. आत बसतो तो आमचा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतल्या असल्याच जातीय व्याख्यांवर बोट ठेवलं. पोलीस ठाण्यातली नजर तेवढ्याने बदलत नाही.

नाक्यावरचा
@पालावरचा, रक्कम परिस्थिती बघून ठरवावी, अवाजवी नसावी, हे कलम १३६ मध्येच आहे. ते पाळलं जात नसेल तर दोष वापरणाऱ्याचा. पण सगळे अधिकारांवर बोलताय, दमदाटी सोसणाऱ्या दुकानदाराचा कैवार कोण घेणार?

पालावरचा
दुकानदाराचा घ्या की. त्यासाठी माझ्या भावाला का नेता?

निवृत्त_फौजदार
खरं दुखणं वेगळंच आहे. कलम १३९ प्रमाणे कैदेची शिक्षा असलेला कुठलाही गुन्हा केला की बंधपत्र मोडलं. मग रक्कम जप्त करायची. करतं कोण? बंधपत्राची नोंद एका रजिस्टरला, नवा गुन्हा दुसऱ्या ठाण्यात, अधिकाऱ्याची तोवर बदली. सणापुरता आकडा वर गेला की फाईल बांधून कपाटात. पोरांना हे पक्कं ठाऊक असतं. ‘साहेब, सही कुठं करू?’ विचारतात, हसतात आणि जातात. दोनदा पैसे भरायला लागले असते तर हसले नसते.

नाक्यावरचा
मी तरी दुसरं काय म्हणतोय?

काळाकोट
जप्तीला माझी ना नाही. पण बंधपत्र मोडलं की नाही हे पोलिसानेच ठरवायला माझी ना आहे. तमिळनाडूने पोलीस उपायुक्तांना कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचे अधिकार दिले होते, मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते आदेश घटनाबाह्य ठरवले. आपल्याकडे ही सुनावणी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्या, मग खुशाल दुप्पट केसेस करा.

निवृत्त_फौजदार
न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आधीच खटल्यांचा डोंगर आहे. चौकशी सहा महिन्यांत संपवायची असते, नाहीतर खास कारण नोंदवून मुदत वाढवली नसेल तर केस तिथेच बंद. म्हणजे सगळे सुटले.

काळाकोट
सुटू देत. सहा महिन्यांत ज्याच्याविरुद्ध काही दाखवता आलं नाही, त्याला अडकवायचं कशाच्या जोरावर?