वास, गंध, सुगंध : सोलापूरच्या अत्तरांना नावे देताना

माझी भाची सोलापुरात घरच्या घरी अत्तरे तयार करते. गावातल्या जागा आणि आठवणी कुपीत उतरवायच्या, असा तिचा ध्यास आहे. तीन कुप्या तिच्या मनासारख्या जमल्यावर तिने मला नावे तपासायला दिली. चिठ्ठ्यांवर ‘वळवाचा सुगंध’, ‘चादरीचा सुगंध’ आणि ‘हुरड्याचा सुगंध’ असे लिहिले होते. तिन्ही ठिकाणी ‘सुगंध’ हा शब्द मला खटकला, आणि तो का खटकला याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडतो.

‘सुगंध’ आणि ‘सुवास’ या शब्दांत निवाडा आधीच झालेला असतो. वास कसला आहे हे ते सांगत नाहीत, तो चांगला आहे एवढेच सांगतात. नव्या सोलापुरी चादरीची घडी उलगडून तिच्यात नाक खुपसले, तर आधी खळीचा किंचित आंबूस, कोरडा वास येतो, मग रंगाचा आणि त्यामागून सुताचा. याला सुगंध कोणी म्हणणार नाही. पण ज्याचे बालपण मागाच्या खडखडाटात गेले, त्याला या वासाने गलबलून येते. येथे ‘वास’ हाच नेमका शब्द आहे.

‘वास’ शब्दाला हल्ली कमीपणा आला आहे, हे खरे. ‘वास येतोय’ म्हटले की ऐकणारा नाक मुरडतो, आणि ‘वास मारतो’ म्हटल्यावर तर शंकाच उरत नाही. पण हाच वास ‘सुटला’ की तोंडाला पाणी सुटते. फोडणीचा वास सुटतो, मोगरा दरवळतो, हाताला कांद्याचा वास लागतो, पेटीतले कपडे डांबराच्या गोळ्यांचा वास धरतात. बरेवाईट ठरवण्याचे आणि वास कसा वागतो हे सांगण्याचे काम मराठीत बरेचसे क्रियापद करते. अत्तर करणाऱ्याला तर ‘धरणे’ हे क्रियापद फार मोलाचे आहे, कारण त्याची निम्मी विद्या वास धरून ठेवणारे तेल निवडण्यात आहे, आणि त्यासाठी चंदनाचे तेल परंपरेने वापरले जाते.

सोलापूरच्या शेजारधर्मामुळे या शब्दाची आणखी एक बाजू दिसते. पद्मशाली वस्तीतली तेलुगू आजी मोगऱ्याला ‘मंची वासना’ म्हणते, म्हणजे चांगला वास, आणि कन्नड घरांतही वासाला ‘वासने’ म्हणतात. मराठीत मात्र ‘वासना’ म्हणजे तीव्र इच्छा, बहुधा निंद्य. मूळ संस्कृत शब्दाला दर्शनग्रंथांत आणखी एक अर्थ आहे : अनुभव सरल्यावर मनावर मागे राहणारा संस्कार. फूल काढून घेतले तरी वस्त्रात त्याचा वास उरावा, तसा. आठवणींवरून अत्तर करणाऱ्या मुलीने नेमके हेच करायला घेतले आहे, असे मला वाटते. तरीही कुपीवर ‘वासना’ लिहावे असे मी म्हणणार नाही. मराठी वाचकाच्या मनात पहिला अर्थ दुसराच येईल.

वळवाच्या कुपीसाठी ‘मृद्गंध’ सुचवला गेला. शब्द सुंदर आहे, पण कोणत्याही मातीला तो चालतो. १९६४ साली बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी याच वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे दगड आणि ‘इकोर’ म्हणजे देवांच्या शिरांतून वाहणारा द्रव. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला मात्र हा वास पूर्वापार ‘मिट्टी अत्तर’ म्हणून काढला जातो. भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्यासह देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, उकळतात, आणि तिची वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या ‘भपका’ नावाच्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरते. मराठीत ‘भपका’ म्हणजे डामडौल, पण एकदम नाकावर आदळणाऱ्या वासाला आपण ‘भपकारा’ म्हणतो, आणि मे महिन्यात तापून भेगाळलेल्या काळ्या रानावर पहिले टपोरे थेंब पडतात तेव्हा उठतो तो भपकाराच असतो. मी तिला ‘वळीव’ एवढेच नाव ठेवायला सांगितले. सोलापूरकराला त्यात ऊन, धूळ आणि माती सगळे ऐकू येते.

हुरड्याची कुपी अजून अडली आहे. तिने त्यात नागरमोथा आणि वाळा घातला आहे, आणि धूर बराच जमला आहे. ‘खमंग’ हा शब्द खाण्याच्या पदार्थालाच शोभतो, तर ‘खरपूस’मध्ये वासापेक्षा भाजणीचा रंग अधिक आहे. ‘धुरकट’ म्हटले की चुलीवर बिघडलेले दूध आठवते. निखाऱ्यातून काढलेले कणीस तळहातावर चोळताना गोवरीची राख आणि दाण्याचा दुधाळ गोडवा हाताला एकत्र लागतो, आणि धूर संध्याकाळपर्यंत सदऱ्यात राहतो. आगटीजवळून, म्हणजे हुरडा भाजायच्या शेकोटीजवळून, उठल्यावर अंगावर राहणाऱ्या या वासाला बार्शी, मंगळवेढे किंवा अक्कलकोटकडे वेगळा शब्द असेल, तर जाणकारांनी तो अवश्य कळवावा. तोवर त्या कुपीवर आम्ही ‘आगटी’ एवढेच लिहिले आहे.