मदत हवी आहे: याकच्या शेपटीची जुनी चवरी, केस मुळातून सुटतायत

ठाण्यातल्या देवघरातली चवरी आहे. चांदीची मूठ, पांढरे केस साधारण दीड फूट, मुठीत लाखेने बसवलेले. सुटलेला एक केस जाळून पाहिला: नख जळल्यासारखा वास, बोटांत चुरडणारी काळी राख. म्हणजे नायलॉन नाही. पण घोड्याचे केसही असेच जळतात, त्यामुळे याकचेच आहेत याची खात्री एवढ्यावर होत नाही. गायीच्या शेपटीला फक्त टोकाशी गोंडा असतो. याकची शेपूट घोड्यासारखी वरपासूनच झुपकेदार, म्हणून चवरीला तिचा मान. उन्हाळ्याच्या तोंडाशी याकच्या अंगावरची मऊ आतली लोकर झडते, शेपटीचे राठ केस मात्र टिकतात.

मुठीजवळ बारीक पांढुरक्या अळ्या आणि कुरतडलेली टोकं दिसतायत. ही कसर केसातलं केराटिन खाते, आणि तूप-गंध लागलेल्या जागी जास्त. इथल्या पावसाळी दमटपणात ती फोफावते.

कपड्यांवरचा उपाय माहीत आहे: वस्तू पूर्ण कोरडी करून हवाबंद पिशवीत उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायची, बाहेर काढल्यावर घरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर केसांवर पाणी सुटतं. गरम पाणी बादच, लाख मऊ पडते.

अडचण अशी की थंडीत लाख ठिसूळ होऊन तडकेल का? मूठ आधी सोडवून घ्यावी का? आणि ठाणे, कळवा, वाशी भागात लाख भरून केस पुन्हा बसवणारा जुना कारागीर कोणाला माहीत आहे का? मूळ केसच ठेवायचे आहेत, नवे नकोत.