ट्रॉमा सेंटर खरंच चालतं की नुसता बोर्ड, कळायचं कसं?

घाटवाला_बंड्या: आमच्याकडे हायवेला ट्रॉमा सेंटरची नवीकोरी बिल्डिंग आहे, नाव सांगत नाही. चुलतभावाचा अपघात झाला, १०८ वेळेत आली पण तिथे सीटी स्कॅन बंद, सर्जन ऑन कॉल, शेवटी रेफर. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, तर ही सेंटरं काय काम करतात ते कुणी तपासतं का, की फीत कापली की झालं?

कॅज्युअल्टी_नाईट: तपासलंय की, नीती आयोग आणि दिल्ली एम्सने जिल्हा रुग्णालयांचा अभ्यास केला, २०२१ मध्ये रिपोर्ट आला. पण बेड नि मशीन मोजणं सोपं असतं रे, पेशंटचं पुढे काय झालं ते मोजायला रजिस्ट्री लागते, म्हणजे प्रत्येक पेशंटची ठरलेली नोंद. किती वाजता आला, आला तेव्हा बीपी आणि जीसीएस (शुद्ध किती आहे त्याचा स्कोअर) किती, सीटी कधी, ऑपरेशन थिएटरात कधी, जगला का. आता रात्री तीनला एकटा सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीचा डॉक्टर, समोर चार पेशंट, तो रक्त थांबवेल का वेळ लिहील? केसपेपरवर तो रकाना कोराच राहतो. टिटको म्हणून रजिस्ट्री झाली होती, केईएम, सायन, एम्सचं ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम, तिथे नोंदी घ्यायला वेगळी माणसं ठेवली होती म्हणून जमलं.

लीड्सची_ताई: इंग्लंडमध्येही २००७ च्या अहवालात निम्म्याहून जास्त पेशंटची ट्रीटमेंट धड नव्हती हो. मग २०१२ पासून हॉस्पिटलांची नेटवर्क केली, सिरियस पेशंटला जवळचं हॉस्पिटल सोडून थेट मोठ्या सेंटरला नेतात. शिवाय प्रत्येक हॉस्पिटलचे आकडे सगळ्यांना बघता यायचे.

सरळसोट: इथे आकडे जाहीर केले तर काय होईल सांगू? मरायला टेकलेला पेशंट कुणी घेणारच नाही, रेफर करायचं म्हणजे मृत्यू पुढच्याच्या खात्यात!

कॅज्युअल्टी_नाईट: @सरळसोट बरोबर, म्हणूनच इजा किती गंभीर ते धरून हिशोब करतात, आणि रेफर केलेला पेशंट दोन्हीकडच्या नोंदीत जोडावा लागतो, तेच आपल्याकडे होत नाही. बंड्या, तू एवढंच विचार की वर्षात सीटी किती दिवस बंद होतं आणि किती पेशंट रेफर केले.

घाटवाला_बंड्या: आरटीआय टाकू? कुणाच्या नावाने?

सरळसोट: त्याच हॉस्पिटलच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि पोच घेतल्याशिवाय हलू नको.