मदत हवी आहे: बी सेल मारल्या तरी अँटीबॉडी कमी का होत नाहीत?

मंडळी, सेमिनारला बी सेलचे (अँटीबॉडी बनवणाऱ्या वंशातल्या पांढऱ्या पेशींचे) उपप्रकार आणि आजार हा विषय आलाय. नाईव्ह (अजून अँटिजेन न भेटलेल्या), मार्जिनल झोन, मेमरी (जुना अँटिजेन लक्षात ठेवणाऱ्या), प्लाझ्माब्लास्ट, प्लाझ्मा सेल (अँटीबॉडीचा कारखाना), वर रेग्युलेटरी आणि डबल निगेटिव्ह... नुसती जत्रा आहे, पण नावांचं पाठांतर होईल हो, माझी गाडी अडलीये ती वेगळ्याच जागी. रिटक्सिमॅब (बी सेल मारणारं औषध) दिलं की रक्तातल्या बी सेल जवळपास शून्यावर येतात आणि संधिवातात बऱ्याच जणांना गुणही येतो, पण एकूण आयजीजी (रक्तातली मुख्य अँटीबॉडी) फारसं हलत नाही, जुन्या लसींच्या अँटीबॉडीपण बऱ्यापैकी टिकतात, मग गुण येतो तो कशामुळे? आणि एमएसमध्ये (मल्टिपल स्क्लेरोसिस) ओक्रेलिझुमॅब या औषधाने रिलॅप्स कमी होतात पण ॲटासिसेप्ट या दुसऱ्या औषधाने वाढले आणि ट्रायल थांबवावी लागली, दोन्ही बी सेलविरोधीच ना?? कोणीतरी उलगडून सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
रिटक्सिमॅब आणि ओक्रेलिझुमॅब बी सेलला सीडी २० या पृष्ठभागावरच्या प्रोटीनवरून पकडतात, आणि प्लाझ्मा सेलवर सीडी २० नसतोच, त्यामुळे बोनमॅरोत वर्षानुवर्षं बसलेल्या त्या पेशींना ही औषधं हात लावत नाहीत, म्हणून आयजीजी टिकतं. पण बी सेल फक्त अँटीबॉडी बनवत नाही, ती टी सेलला अँटिजेन दाखवते, आयएल ६ सारखी सायटोकाइन्स (पेशींमधले निरोप्या रेणू) सोडते. एमएसमध्ये मुख्य संशय मेमरी बी सेलवर आहे तो यासाठीच. ॲटासिसेप्ट बॅफ आणि एप्रिल हे बी सेलना जगवणारे संदेश-रेणू अडवतं, त्यावर नाईव्ह आणि प्लाझ्मा सेल जगतात, मेमरीवाल्या मात्र बऱ्याचशा सुटतात. शिवाय आयएल १० सोडून दाह आवरणाऱ्या पेशीही त्यात गेल्या असाव्यात असा एक अंदाज आहे, अंदाजच हं, सिद्ध नाही.
मायस्थेनियाचं (स्नायू थकवणारा ऑटोइम्यून आजार) उदाहरण नक्की घ्या. त्यातल्या मस्क या स्नायूवरच्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी असणाऱ्यांत रिटक्सिमॅबनंतर अँटीबॉडी झपाट्याने उतरतात, कारण त्या बनवतात अल्पायुषी प्लाझ्माब्लास्ट, आणि त्यांचा नवा पुरवठाच बंद होतो.

प्रतिसाद २:
ल्युपस (शरीरभर दाह करणारा ऑटोइम्यून आजार) विसरू नका. तिथे आयजीडी आणि सीडी २७ (बी सेलच्या पृष्ठभागावरच्या दोन खुणा) दोन्ही नसलेल्या डबल निगेटिव्ह पेशी वाढतात, त्यातल्या टी-बेट हे प्रोटीन असणाऱ्या पेशी टीएलआर ७ (आरएनए ओळखणारा रिसेप्टर) च्या इशाऱ्यावर लगेच पेटतात आणि प्लाझ्मा सेल बनतात. टीएलआर ७ चं जीन एक्स क्रोमोसोमवर असतं, आणि ल्युपस बायकांत कितीतरी जास्त, हा धागा मला भारी वाटतो. २०२२ मध्ये ल्युपसच्या ५ रुग्णांना सीडी १९ कार-टी (सीडी १९ असलेल्या बी सेल मारायला घडवलेल्या टी सेल) दिल्याचा पेपर आला, बी सेल परतल्या त्या मुख्यतः नाईव्ह, आणि आजार तेवढ्या फॉलोअपमध्ये उलटला नव्हता.
स्लाइडवर आयजीडी आणि सीडी २७ चा चार खणांचा फ्लो प्लॉट (फ्लो सायटोमेट्रीने पेशी मोजून काढलेला आलेख) टाका, अर्धं भाषण तिथेच होतं.

धागाकर्ती:
भारीच! म्हणजे सीव्हीआयडी (अँटीबॉडी कमी पडणारा प्रतिकारशक्तीचा आजार) पण त्याच प्लॉटवर दाखवता येईल का, स्विच्ड मेमरीचा (आयजीडी सोडून दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीकडे वळलेल्या मेमरी सेलचा) खण जवळजवळ रिकामा?

प्रतिसाद २:
हो, बऱ्याच जणांत तसाच दिसतो. फक्त सीडी २१ लो (सीडी २१ ही खूण कमी असलेल्या बी सेल) वेगळ्या प्लॉटवर घ्या, त्या वाढलेल्या असल्या की प्लीहा मोठी असण्याशी संबंध सापडतो, आणि या चार खणांत त्या कळणार नाहीत.